छप्पन्न आकड्याचा गोल आवाज

लॉरेनाला मी सांगितलं, खाली कडी आहे, सोडून दे. खाली कडी नव्हती आणि ते मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी कितीही सारवासारव केली तरी तुम्ही फसायचं नाही. आणि सारवासारव मी करणार, तो माझा स्वभावच आहे.

माझं नाव ऑरिन स्टॅडलर. चौतीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढलो. तारेतली खरखर ऐकून बिघाड कुठल्या खांबाच्या पुढं आहे ते सांगायचो. त्याच काळात मेटल डिटेक्टर घेऊन जमिनीत नाणी शोधायचा नाद लागला, तो आजतागायत सुटलेला नाही. आमच्या मँझनीटा फ्लॅट या गावात असले नादिष्ट बावीस जण आहेत. दर गुरुवारी संध्याकाळी ग्रेंज हॉलमध्ये, म्हणजे शेतकरी संघाच्या जुन्या सभागृहात जमतो, पातळ कॉफी पितो आणि एकमेकांच्या गंजक्या बकलांचं कौतुक करतो. तिथं मला कुणी ऑरिन म्हणत नाही. 'कान' म्हणतात. 'कानाला विचार', 'कान काय म्हणतो बघ.' मला ते फार आवडायचं. मॅक्सीन, माझी बायको, म्हणते की घरी आला की हा कान बंद होतो.

मशीनच्या पडद्यावर आकडा येतो आणि हेडफोनमध्ये आवाज. चांदीचं नाणं असेल तर आवाज उंच आणि खणखणीत, ते शेंबडं पोरही ओळखेल. सोन्याचं तसं नाही. लहान सोन्याचं नाणं पडद्यावर नेमकं कचऱ्याच्या जागी येतं. पंचावन्न, छप्पन्न, सत्तावन्न. साठ वर्षांपूर्वी बिअरचा डबा उघडायचा म्हणजे वरची कडी ओढून काढायची आणि तिथंच फेकून द्यायची. जिथं म्हणून माणसं गवतावर बसून जेवली तिथं या कड्या पेरलेल्या आहेत, आणि त्यांचाही आकडा छप्पन्न. त्यामुळं छप्पन्न आला की लोक कंटाळून पुढं जातात.

फरक असतो, पण तो ऐकावा लागतो. कडीचा आवाज एका बाजूनं फाटतो, मागं शेपूट राहिल्यासारखा. तुम्ही पाव वळसा घेऊन आडव्या बाजूनं थाळी फिरवलीत, म्हणजे मशीनच्या दांड्याला खाली असते ती चकती, की आकडा त्रेपन्नवर घसरतो नाहीतर साठावर उडी मारतो. सोन्याचा आवाज गोल आणि मऊ. दोन्हीकडून बंद. कुठूनही फिरवा, आकडा जागचा हलत नाही. हे मी क्लबात वीस वर्षं शिकवत होतो.

आणि वीस वर्षांत, खरं म्हणजे एकतीस वर्षांत, मला स्वतःला एकही सोन्याचं नाणं सापडलं नव्हतं. शिकलो ते सगळं दुसऱ्यांच्या नाण्यांवर. आमच्यात रीत आहे: कुणाला सोनं सापडलं की पुढच्या गुरुवारी ते हॉलच्या मागच्या पट्टीत सहा इंच खोल पुरायचं, आणि सगळ्यांनी आपापली मशीन त्यावरून फिरवून आवाज कानात साठवायचा. रूलन बार्लो आमचा अध्यक्ष. त्याच्या हेडफोनची एक वाटी कायम मानेवर लोंबते, आणि तो मशीन फिरवतो ते अंगण झाडल्यासारखं. त्याला दोन सापडली. दोन! दोन्ही वेळा मी त्याच्या नाण्यावर उभा राहून लोकांना समजावून सांगितलं की गोल आवाज कसा असतो, आणि दोन्ही वेळा घरी येऊन मॅक्सीनवर विनाकारण खेकसलो.

लॉरेना किरोझ क्लबात आली ती फेब्रुवारीत. शाळेची बस चालवते. पन्नाशीची, बोलकी, आणि दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. खाली बसायचं तर आधी फावड्यावर भार टाकायचा, मग एक पाय मागं, मग दुसरा, आणि उठताना पुन्हा हेच उलटं. त्यामुळं ती उगाच खणत नसे. शंका आली की हातातली लाल चिप टाकायची आणि मला हाक मारायची.

चिपचं सांगितलं पाहिजे. पत्त्यांच्या जुगारातल्या असतात ना, तसल्या प्लास्टिकच्या चिपा आम्ही खिशात ठेवतो. आवाज लागला की त्या जागेवर चिप टाकायची. चिप आहे तोवर ती जागा त्या माणसाची. चिप उचलली की जागा मोकळी, मग कुणीही खणावं. हा नियम मीच लिहिला, भांडणं मिटवायला. हॉलच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात लावलेला आहे.

एप्रिलमधला रविवार होता. जुन्या नाचघराच्या मैदानावर गेलो होतो, एका रँचच्या कुरणात. पाऊस नुकता संपलेला, गवत घोट्यापर्यंत, जमीन लोण्यासारखी कापली जायची. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथं लाकडी फळ्यांवर नाच व्हायचे आणि नाचणाऱ्यांच्या खिशातून नाणी सांडायची. नंतरची पन्नास वर्षं तिथं पिकनिका झाल्या. म्हणजे कड्याच कड्या. दुपारपर्यंत लॉरेनानं मला नऊ वेळा बोलावलं होतं आणि नऊही वेळा मी खरं सांगितलं होतं.

"ऑरिन! ये रे बाबा. कान लाव आणि सांग, टेकू का गुडघे?"

"दहावी वेळ आहे. फी लावीन आता."

"लाव की. दुपारी तामाले देते ना, तीच फी. माझ्या आईच्या हातचे आहेत, मक्याच्या पानात वाफवलेले, दातांवर उपकार होतील तुझ्या."

मी माझी थाळी तिच्या चिपेवरून फिरवली.

छप्पन्न.

पुन्हा फिरवली. छप्पन्न. आवाज गोल होता. मी पाव वळसा घेतला. छप्पन्न. थाळी जमिनीपासून हळूहळू वर उचलली, तर आवाज फाटला नाही, लांब जात जात विरला. रूलनच्या दोन्ही नाण्यांवर ऐकलेला तोच आवाज, फक्त या वेळी वर लॉरेनाची लाल चिप होती.

इथं मला सांगता आलं असतं की माझी खात्री नव्हती. मॅक्सीनला मी नंतर तसंच सांगायचं ठरवलं होतं. पण तारेतली खरखर ऐकून पोट भरलेला माणूस आहे मी. मला खात्री होती. आणि त्या क्षणी डोक्यात एवढंच आलं, की हिला येऊन तीन महिने नाही झाले. तीन महिने! ही गुरुवारी हे नाणं हॉलमागं पुरणार, आणि मी त्याच्यावर उभा राहून तिसऱ्यांदा लोकांना शिकवणार.

"काय म्हणतो कान?" ती हसत होती.

"कडी," मी म्हणालो. "बिअरची. एवढ्यासाठी गुडघ्यांचे हाल कशाला करतेस?"

"मला आपलं वाटलं, जरा गोड वाजतंय."

"नव्यानं सगळंच गोड वाजतं."

ती मोठ्यानं हसली. फावड्याच्या टोकानं चिप वर उडवून हातात झेलली, तिची ती लकब होती, आणि म्हणाली, "तू नसतास तर आजच्या दिवसात माझी दहा वेळा उठबस झाली असती. देव तुझं भलं करो." मग आम्ही ओकच्या सावलीत बसून तामाले खाल्ले. तिनं मला तीन दिले, स्वतः दोन घेतले. मी तिन्ही खाल्ले. एकही घशात अडकला नाही, याची मला आज जास्त लाज वाटते.

सोमवारी सकाळी सात वाजता मी निघालो. सोमवारी सातला लॉरेना बसवर असते म्हणूनच ती वेळ निवडली होती. वळणावर तिची पिवळी बस समोरून आलीच. तिनं दोनदा हॉर्न वाजवला, खिडक्यांतून पोरांनी हात हलवले. मीही हात हलवला.

जागा मला पाठ होती: जळक्या बुंध्यापासून कुंपणाच्या कोपऱ्याकडं सात पावलं. चिप नव्हती, जागा मोकळी होती, नियमानं मी कुणाचं काही घेत नव्हतो. हे मी मोठ्यानं म्हणालो, कुरणातल्या गाईंना. गवताची गोल ढेप कापली, उलटी करून फडक्यावर ठेवली, आणि सहा इंचांवर ते दिसलं. सोन्याला मातीचं काही होत नाही. शंभर वर्षांचं लोखंड भुगा होतं, तांबं हिरवं पडतं, आणि हे काल पडल्यासारखं पिवळं. अडीच डॉलरचं, नखाएवढं, साल १८७८. नाचताना कुणाच्या खिशातून पडलं असेल. मी गुडघ्यांवर बसून राहिलो. एकतीस वर्षं या क्षणाची मनात तालीम केली होती. ओरडायचं ठरवलं होतं, टोपी उडवायची ठरवली होती. मी इकडंतिकडं पाहिलं, रस्त्यावर कुणी नाही ना. मग खड्डा बुजवला आणि ढेप अशी बसवली की माझं मलाही ओळखू येऊ नये. खड्ड्याची खूण राहू द्यायची नाही, हेही मीच शिकवतो.

घरी मॅक्सीननं नाणं तळहातावर घेतलं आणि माझ्या तोंडाकडं पाहिलं. "दोन ट्रक झिजवलेस या नादापायी. आणि आता सापडलं तर दाढ काढून आल्यासारखा चेहरा का?"

"दमलोय."

"दमलाय म्हणे. थांब, रूलनला कळवते."

"नको, इतक्यात नको गं..."

पण तिनं फोन उचललाही होता. आमच्या गावात मॅक्सीननं फोन उचलला म्हणजे पेपरात छापून आलं असं समजायचं. संध्याकाळी लॉरेनाचा मेसेज आला: 'कानाचा विजय असो! माझ्याकडून एक अख्खी टोपली तामाले!' मी उत्तरादाखल अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

गुरुवारी नाणं न्यायचं नाही असं मी ठरवलं. हॉलमध्ये रूलननं सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा म्हणालो, "बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलंय. राहून गेलं आणायचं."

"अहाहा, राहून गेलं!" मॅक्सीननं पर्स उघडली. "सकाळपासून उशाखाली घेऊन बसलाय. हे घे रूलन."

सगळे हसले. मग विचारणं झालं, कुठं सापडलं. मी सांगितलं, वरच्या रस्त्याकडं, पडक्या विहिरीपाशी. लॉकरचं सोडलं तर हे दुसरं खोटं. पहिलं निदान क्षणात तोंडून गेलं होतं. हे मी तीन दिवस घोळवून आणलं होतं, विहिरीचे दगडसुद्धा ठरवून ठेवले होते.

मागच्या पट्टीत रूलननं नाणं पुरलं. ऊन अजून होतं, सगळे आपापली मशीन घेऊन रांगेत उभे. एकेक जण फिरवत होता आणि तोंड वाकडं करत होता.

"हे तर कडीच वाजतंय!"

"म्हणून तर सांगतो, कानाला विचारा," रूलन म्हणाला. "सांग रे, फरक काय? आज तर तुझंच नाणं आहे."

मी गप्प बसायला हवं होतं. पण वीस जणांनी तोंडाकडं पाहिलं की मला राहवत नाही. मी सांगत गेलो. गोल आवाज, बंद कडा. पाव वळसा घ्या, आकडा हलतो का बघा. थाळी वर उचला, विरतो का फाटतो ते ऐका. बोलता बोलता नजर लॉरेनाकडं गेली. ती मान डोलावत होती, शाळेतली हुशार मुलगी डोलावते तशी, आणि मी काय करत होतो ते मला कळलं. त्या रविवारी तिच्या चिपेवर मी जे जे केलं तेच मी तिला शब्दाशब्दानं सांगत होतो.

तिची पाळी आली. तिनं फिरवलं. थांबली. तिच्या त्या जड चालीनं पाव वळसा घेतला आणि पुन्हा फिरवलं. हेडफोन काढायचं नाव घेईना. आता ही वळेल आणि सगळ्यांसमोर माझ्या तोंडावर म्हणेल, चोर आहेस. खरं सांगतो, तेव्हा मला थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

ती वळली. डोळे असे चमकत होते!

"ऑरिन! हाच आवाज होता तो! रविवारी, माझ्या चिपेखाली! अगदी हाच, छप्पन्न, हलतच नव्हता. अरे, तू चुकलास! तिथं सोनं आहे!"

मला बोलायची गरजच पडली नाही, कारण हॉलमागं एकच कल्ला झाला. "कान चुकला! कान चुकला!" रूलननं माझ्या पाठीत धपाटा घातला. "बरं झालं. माणसात आलास एकदाचा."

"रागावू नकोस रे," लॉरेना जवळ येऊन म्हणाली, अगदी हळू. तिला वाटलं मला चुकीचं वाईट वाटलंय. "दिवसभर ऐकून ऐकून कुणाचाही कान किटेल. शनिवारी जाऊ या आपण. आणि दंड म्हणून खणायचं तू, माझ्या गुडघ्यांना सुट्टी."

शुक्रवार कसा गेला विचारू नका. फोन करून सांगावं म्हणून चारदा हातात घेतला. नाणं तिथंच परत पुरून यावं असंही मनात आलं, पण त्यावरचं साल वीस जणांनी वाचलेलं होतं. आजारी पडावं असंही वाटलं, पण मला कधी साधी सर्दीही होत नाही.

शनिवारी सकाळी माझ्या ट्रकमधून गेलो. वाटभर ती बोलत होती. नाणं निघालं तर विकणार नाही, आईला दाखवणार. आई म्हणते बाईमाणसानं माती उकरत फिरू नये, तिच्या नाकावर टिच्चून दाखवणार. मी रस्त्याकडं बघत गाडी चालवत होतो.

बुंध्यापाशी उतरलो. तिला सात पावलं पाठ नव्हती, पण दिशा आठवत होती. ती फिरवू लागली. कड्या वाजल्या, फाटक्या, उड्या मारणाऱ्या. तिनं त्या बरोबर ओळखून सोडल्या, एकही चुकली नाही. माझी शिकवणी होती ना. अर्धा तास झाला. तिनं बारीक पट्ट्या पाडून पुन्हा सुरुवात केली. दोनदा तर ती नेमकी त्या ढेपेवरून गेली. मशीन मुकं राहिलं. मीही.

"जमीन सुकली म्हणून असेल का रे?"

"असेल," मी म्हणालो.

"सेल नवे घालू?"

"घाल."

तिनं सेल बदलले. आणखी अर्धा तास फिरवलं. ऊन वर आलं तेव्हा ती फावड्यावर रेलून उभी राहिली. चेहरा पडला होता.

"चूक माझीच," ती म्हणाली. "तू म्हणालास तेच खरं, कडीच असणार. मला आपलं ऐकू यायला हवं होतं म्हणून ऐकू आलं. आणि मी सगळ्यांसमोर तुला चुकलास म्हणाले." ती कसंनुसं हसली. "नाही रे, हे आपलं काम नव्हे. गुडघे गेलेच आहेत, आता कानही. देऊन टाकते मशीन कुणालातरी."

तोवर मी गप्प बसू शकलो होतो. नाणं घेतलं होतं, तामाले खाल्ले होते, तिची माफीसुद्धा ऐकून घेतली. पण तिचा कान माझ्याइतकाच चांगला होता. नऊ आठवड्यांत तिनं जे कमावलं त्याला मला वर्षं लागली होती, आणि ती ते तिथंच टाकून जायला निघाली होती, माझ्यामुळं.

मी पट्ट्यातली सुरी काढली आणि ढेपेपाशी गुडघे टेकले. सुरी जुन्या कापात लोण्यात जावी तशी गेली. ढेप एका हातानं अख्खी वर आली. नवी कापलेली ढेप अशी येत नाही, मुळं धरून ठेवतात. हे तिला मीच शिकवलं होतं.

ती खड्ड्याकडं बघत राहिली. मी शर्टाच्या खिशातून नाणं काढून वर धरलं.

"सोमवारी सकाळी," मी म्हणालो. "तू बसवर होतीस तेव्हा. तुझा कान बरोबर होता, लॉरेना. मला कळलं होतं. त्याच वेळी कळलं होतं."

गाई कुंपणाला अंग घासत होत्या.

"त्याच वेळी?"

"हो."

"आणि मग तू माझ्याबरोबर जेवलास."

"घे हे," मी म्हणालो. "तुझं आहे. घे गं."

"नाही. चिप मी उचलली होती. नियम आहे ना तुमच्यात."

"नियम गेला खड्ड्यात. मी गुरुवारी हॉलमध्ये सगळ्यांना सांगतो. उभा राहून सांगतो. शपथेवर."

"तुझं तू बघ," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ती चढली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं हेडफोन कानाला लावला आणि वीसेक पावलं पलीकडं जाऊन फिरवायला लागली. मी खड्डा बुजवला, दुसऱ्यांदा, आणि ट्रकपाशी जाऊन थांबलो. आली होती माझ्या ट्रकमधून, तिला सोडून जाताही येत नव्हतं.

तिचं मशीन वाजलं. इतक्या लांबूनही हेडफोनमधून निसटलेला आवाज मला ऐकू आला: फाटका, शेपटीवाला. कडी. कुणीही सांगितलं असतं. तिनं चिप टाकली. सवयीनं मान माझ्याकडं वळायला लागली आणि मध्येच थांबली. मग तिनं फावड्यावर भार टाकला, एक पाय मागं घेतला, मग दुसरा, आणि खाली बसली. खणलं. कडी निघाली. ती पिशवीत टाकून उठली, तेच सगळं उलटं करत. चार पावलांवर पुन्हा कडी वाजली आणि ती पुन्हा बसली. मी हात द्यायला पुढं झालो तर म्हणाली, "राहू दे." नाणं मी घेतलं होतं त्याची भरपाई कशीतरी करता आली असती. पण तिला विश्वासानं विचारायला एक माणूस होता, तोही मी नेला होता, आणि आता तिला प्रत्येक कडीसाठी वाकावं लागत होतं. माझा जीव शरमेनं नुसता चोळामोळा झाला.

तेवढ्यात रूलनची जीप कुरणात शिरली. अध्यक्षांना राहवलं नव्हतं. उतरता उतरताच ओरडला, "काय मग? निघालं का दुसरं सोनं?"

लॉरेना जमिनीवरच बसलेली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला मला वाचवायचं होतं, की माझी परीक्षा बघायची होती, की नुसतीच गावभर हळहळ नको होती, हे मला अजून कळलेलं नाही. मी मात्र पाच मिनिटांपूर्वी शपथ घेतली होती आणि रूलन समोर उभा होता. गुरुवारपर्यंत थांबायचीही गरज नव्हती.

"कुठलं सोनं," ती म्हणाली. "कडी होती."

"बघ! मला वाटलंच होतं!" रूलननं माझा खांदा गदागदा हलवला. "कान तो कान. तू ऐकलंस ते बरोबरच होतं ना रे?"

लॉरेना हातातली माती झाडत माझ्याकडं बघत होती.

"हो," मी म्हणालो.